काचपट्टीवरचं अस्तर

रत्ना त्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली ती नुसती कपाटं पुसायला.

शिनोलीच्या पुढे रस्ता भीमाशंकरकडे वळत जातो आणि दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. त्या रस्त्याच्या कडेला हे हायस्कूल. रत्ना तिथं पोरांची खिचडी शिजवायची. भांडी घासून झाली की पदराला हात पुसत घरी जायचं, हा तिचा नेम. पण तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं आणि विज्ञानाचे सुनील सर खिचडीच्या शेडपाशी येऊन म्हणाले, "रत्नाताई, प्रयोगशाळेला शिपाई नाही. कपाटांवरून जरा फडकं माराल का? मुलांना सांगितलं तर निम्म्या काचा फोडून ठेवतील."

"मारते की सर. त्यात काय."

तिला कामच हवं होतं. गणपती उठले त्याच आठवड्यात तिची थोरली लेक, नववीतली संस्कृती, डेंग्यूच्या तापानं गेली होती. अंग दुखतंय म्हणत शाळेतून आली, आणि बघता बघता घोडनदीच्या काठावर तिची राख सावडायची वेळ आली. घरात मोकळं रडायलाही जागा नव्हती. नवरा भरत टोमॅटोची गाडी घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेला की उशिरा यायचा आणि आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचा. सासू साळुबाई दिवसभर दारात. आणि धाकटी समृद्धी, सहावीतली, इतकी बडबडी की तिच्यासमोर डोळ्याला पदर लावला तर हजार प्रश्न विचारील.

प्रयोगशाळा शाळेच्या मागच्या टोकाला होती. आत स्पिरिटचा, जुन्या रबराचा आणि बंद खोलीचा वास. बरण्यांमध्ये बेडूक, साप, विंचू पिवळ्या पाण्यात डोळे उघडे ठेवून बसलेले. रत्ना एकेक कप्पा पुसत खाली आली, तर शेवटच्या कप्प्यात एक लाकडी तबक मिळालं. त्यात बोटाएवढ्या लांब काचेच्या पट्ट्या रांगेनं लावलेल्या. प्रत्येक पट्टीला कागदाचा तुकडा आणि त्यावर पोराचं नाव.

एका तुकड्यावर तिच्या लेकीचं नाव होतं. अक्षरही लेकीचंच. 'स'ची शेपटी वर उडालेली, तशीच.

सर दारातून आत येत होते, ते तिथंच थबकले.

"अरे... मी ते काढून ठेवायला हवं होतं. चुकलं माझं. टाकून देववेना, म्हणून राहिलं."

"हे काय हाये सर?"

सर जरा घुटमळले. मग शिकवायची सवय त्यांच्या मदतीला आली.

"जूनमध्ये प्रात्यक्षिक घेतलं होतं. गालाच्या आतली बाजू दात कोरायच्या काडीनं हलकेच खरवडायची. जे निघतं ते काचेवर घ्यायचं, निळा रंग द्यायचा, वर पातळ काच ठेवायची. म्हणजे तोंडातलं अस्तर दिसतं." ते थांबले. "शरीरात ऊती असतात, ताई. ऊती म्हणजे एकाच कामाला लागलेल्या पेशींची भावकी समजा. चार भावक्या. एक हातपाय हलवते, ती स्नायूंची. एक निरोप पोचवते, ती चेतांची. एक सगळ्यांना बांधून ठेवते, ती संयोजी. आणि ही चौथी, अभिस्तर. हिचं काम झाकायचं. बाहेरून कातडी, आतून तोंड, घसा, पोट. जिथं उघडं आहे तिथं हिनं जाऊन झाकायचं."

रत्नाला त्यातलं एवढंच कळलं, की तीन भावक्या नदीकाठी राख झाल्या आणि झाकणारी तेवढी मागं राहिली.

"मला दाखवा," ती म्हणाली.

सरांनी सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवला, खालचा आरसा उन्हाकडे वळवला. रत्नानं एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. आधी नुसता उजेडाचा गोल. मग त्यात काहीतरी तरंगत आलं. भिजत घातलेल्या पोह्यांसारखं. चपटं, पातळ, कडा जराशा दुमडलेल्या, फिकट निळं. आणि प्रत्येक पोह्याच्या मधोमध एक गडद ठिपका. एक इथं, दोन तिथं, एक पार कडेला. गर्दीत आईचा हात सुटलेल्या लेकरांसारखे लांब लांब उभे.

"बाकीच्या मुलांच्या सगळ्या वाळून गेल्या," सर म्हणाले. "हिचीच ओली राहिली. हिनं जत्रेतलं लाल नेलपेंट आणून कडा बंद केल्या होत्या, त्यामुळं असेल. बाकी त्या पेशी काय... मेलेल्याच असतात ताई, काचेवर घेतल्यापासून."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. रत्ना मात्र नळीवरून डोळा काढायलाच तयार नव्हती.

त्या दिवसापासून तिचा नेम बदलला. भांडी घासून झाली की ती सरांकडून किल्ली घ्यायची. सरांनीही कधी का म्हणून विचारलं नाही. त्या वेळेला शेवटचे तास चालू असत. लांबून पाढ्यांचा आवाज यायचा, मग तोही थांबायचा. ऊन खिडकीत कलतं व्हायचं. रत्ना काच ठेवायची, डोळा लावायची आणि हलक्या आवाजात बोलत बसायची. आज खिचडीत मटार घातले होते. तुझी मैत्रीण केस कापून आली, ओळखू येईना. तुझ्या पप्पांनी तुझी सायकल झाकून ठेवलीय, समूला हात लावू देत नाहीत.

आणि ती एक घास ठेवायची. डब्याच्या झाकणात खिचडी, वर तुपाचं बोट, सूक्ष्मदर्शकाच्या पायाशी. गेलेल्या माणसाला घास ठेवतात हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. किती दिवस ठेवायचा, कधी थांबवायचा, हे पाहणारी बाई वेगळी असते. रत्नाच्या घरात ते साळुबाई पाहायची, आणि साळुबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

घास दुसऱ्या दिवशी तसाच असायचा. त्याला मुंगीसुद्धा लागायची नाही.

किती दिवसांनी ते तिच्या लक्षात आलं, तिला नंतर सांगता येईना. पण आधी ते पोहे लांब लांब होते. आता तसे नव्हते. दोघे-तिघे एकमेकांना टेकून उभे होते. मग पाच-सहा झाले. मग अंगणात फरशी बसवावी तशी कडेला कड लागत गेली, मधली भेग बुजत गेली. रत्नाला वाटलं, आपणच रोज काच वेगळी ठेवत असू. तिनं सरांना काही सांगितलं नाही. खरं तर सांगावंसं वाटलं नाही. लेकरू एकटं होतं, आता त्याला सोबत झाली, एवढंच तिच्या मनात आलं.

एका दुपारी तिनं डोळा लावला तर काही दिसेना. नळीची काच धुरकटली होती. तिनं पदरानं पुसली, परत पाहिलं, परत धुरकट. थंडीत आरशावर तोंड नेऊन 'हाऽ' केल्यावर धुकं धरतं तसं. पण धुकं तिच्या बाजूला नव्हतं. ते नळीच्या खालच्या टोकाला होतं, काचपट्टीकडच्या.

आणि वास आला. स्पिरिटचा नाही, रबराचा नाही. झोपेतून उठलेलं लेकरू कुशीत शिरतं तेव्हा त्याच्या तोंडाला येतो तो. दुधाच्या सायीसारखा, किंचित आंबूस. तो वास आईशिवाय कुणाला कळायचा नाही.

"सोने..." रत्ना पुटपुटली.

बरण्यांमधले बेडूक तिच्याकडे पाहत राहिले. बाहेर ढग आला, आरशातला उजेड गेला, आणि त्या अंधूक खोलीत अगदी जवळून आवाज आला. इतका बारीक, की श्वास धरला नसता तर ऐकू आला नसता. कोरडे पडलेले ओठ सुटताना होतो तसा.

टच्च.

रत्ना भ्यायली नाही. हे तिचं तिलाच नंतर नवल वाटलं. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी दोन घास घेऊन गेली.

घरी मात्र समृद्धीचं तोंड आलं.

आधी ठेचा झोंबतो म्हणाली. मग भाजी झोंबते. मग भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागली. साळुबाईनं जाईचा पाला चघळायला दिला, तूप लावलं, गालात मध धरायला लावला.

"शाळंत कुरकुरे खाती, त्येचे गुण हायेत हे," साळुबाई म्हणाली. "आन् दिवसभर बडबड. त्वांडाला इसावा नको व्हय?"

"मी न्हाई खाल्ले," समृद्धी गाल धरून म्हणाली. "आज्जे, तूच चोरून खातीस. तुझ्या उशाखाली पुडी हाय."

"बघ की! त्वांड आलंय तरी जीब कशी चालती बघ!"

तेव्हा सगळे हसले. भरतसुद्धा. संस्कृती गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा हसू आलं.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद होती. रत्नाचा जीव प्रयोगशाळेच्या दारात अडकून पडला होता, पण इलाज नव्हता. आणि त्या सुट्टीत समृद्धीचं तोंड आपोआप बरं झालं. तिनं करंज्या खाल्ल्या, चिवड्यातल्या मिरच्या वेचून खाल्ल्या, आजीशी भांडली. शाळा उघडली, रत्नानं पहिल्याच दुपारी किल्ली घेतली, आणि त्या संध्याकाळी समृद्धी ताटावरून उठली.

या वेळेस ते लवकर वाढलं. घोडेगावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, जेल दिलं, गोळ्या दिल्या. "तोंडाच्या आतलं अस्तर निघतंय," ते म्हणाले. "नवीन यायला हवं, पण येत नाहीये. फरक पडला नाही तर पुण्याला न्या." समृद्धी आता नुसत्या ताकावर होती. गालफडं बसली. बोलायची बंद झाली. काही हवं असलं तर हातानं खुणावायची. त्या घरात शांतता अशी पसरली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाजही मोठा वाटायला लागला.

एका संध्याकाळी मोरीत बसून ती चूळ भरत होती. रत्नानं तिच्यापुढं पितळी वाटी धरली होती. पोरीनं पाणी थुंकलं, आणि पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगलं. सायीचे तुकडे. चपटे, पातळ, कडा दुमडलेले.

रत्नानं वाटी उजेडाकडे कलती केली. वाटीतलं पाणी हिंदकळलं आणि ते तुकडे हळूहळू सरकून एकमेकांना टेकले.

"आत्याबाई..." तिनं हाक मारली. "आत्याबाई, जरा हिकडं या."

समृद्धीला निजवून आल्यावर रत्नानं सासूला सगळं सांगितलं. काच, नळीतले पोहे, धुकं, वास, घास. चुलीपाशी बसून साळुबाई ऐकत राहिली. एकदाही मध्ये बोलली नाही, आणि साळुबाई मध्ये बोलत नाही म्हणजे काय, ते रत्नाला ठाऊक होतं.

"रोज घास ठिवला?" शेवटी तिनं विचारलं.

"रोज."

"अगं बये... दहाव्यापत्तूर ठिवायचा असतुय. मग पितरांत, वरसातनं येकदा. त्याला कारन हाये. रोज ताट मांडल्यावं पावणा उठंल का? दारातच बसंल की." तिनं चुलीतलं लाकूड उगीच मागेपुढे केलं. "आन् तू घास कुनाला घातलास? पोरीला? पोरगी कुठंय तिथं? तिथं निस्तं त्वांड हाये. त्येला पोट न्हाई. ज्येला पोटच न्हाई ते भरनार कसं?"

"आत्याबाई, ती संस्कृती हाये. ती समूचं वाईट करायची न्हाई. पोरगी खोबऱ्याचा तुकडा बी हिला अर्धा द्यायची."

"वाईट करती आसं कोन म्हनतंय?" साळुबाईचा आवाज ओला झाला. "तिला कळत बी नसंल. भूक लागल्यालं लेकरू आदी कुठं जातंय? घरातच जातंय न्हवं?"

चुलीतलं लाकूड फुटलं. आतल्या खोलीत समृद्धी झोपेत कण्हली.

दुसऱ्या दिवसापासून रत्नानं प्रयोगशाळेकडे पाहणंही सोडलं. पण आता उशीर झाला होता. वाट एकदा पडली ती पडली. समृद्धीला ताकही झोंबू लागलं. भरतनं पुण्याला जायचं ठरवलं, गाडी सांगितली, बॅग भरून दाराशी ठेवली. निघायचं ते सकाळी. त्या दुपारी रत्ना खिचडीची भांडी तशीच टाकून सुनील सरांच्या वर्गाबाहेर जाऊन उभी राहिली.

"सर, येक डाव बघा. तुमी बघा. माझ्या डोळ्यांवं माझा भरोसा न्हाई."

सरांनी काच लावली, आरसा वळवला, डोळा लावला. मग त्यांनी नळी वर घेतली, काचपट्टी चिमटीत धरून उन्हात पाहिली, आणि तेव्हा रत्नालाही ते नुसत्या डोळ्यांनी दिसलं. पातळ काचेच्या कडेला लाल नेलपेंटची रेघ होती. ती एका जागी उचलली गेली होती, आणि तिथून काहीतरी बाहेर आलं होतं. गुलाबी, ओलसर, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. निळा रंग त्याला लागलेलाच नव्हता. ते कालचं होतं. आजचं होतं.

"हे मी केलेलं नाही," सर हळूच म्हणाले. "ताई, देवाशपथ..."

"ठाऊक हाये मला."

"असं होत नाही. काचेवर... असं होत नाही." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसले. पुन्हा पुसले. "जाळून टाकू. स्पिरिटचा दिवा आहे. काडेपेटी ऑफिसात असेल. मी घेऊन येतो."

"सर." रत्नानं त्यांना थांबवलं. "येकाची कातडी दुसऱ्याला लागती का?"

"काय?"

"लागती का? बसती का?"

सर दाराकडे पाहत, घाईघाईनं बोलले. "परक्याची धरत नाही, अंग ती टाकून देतं. जवळच्या रक्ताची थोडे दिवस धरते. भाजलेल्या लेकराला कधी कधी आईची लावतात, त्याची स्वतःची येईपर्यंत..."

"आन् लेकराची आईला?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते काडेपेटी आणायला गेले. व्हरांड्यातून त्यांची पावलं आधी चालताना आणि मग पळताना ऐकू आली.

रत्ना एकटी राहिली. हिवाळ्याचं ऊन, लवकर कललेलं. बरण्यांच्या सावल्या भिंतीवर लांब झालेल्या. कुठलाच वर्ग वाचत नव्हता. टेबलावर ती काच पडलेली होती, आणि तिच्यावरचा तो पापुद्रा किंचित वर होत होता, किंचित खाली होत होता. झोपलेल्या लेकराचं पोट होतं तसा.

एकदा जाळून झालंय हिला, रत्नाच्या मनात आलं. किती डाव जाळायचं?

आणि नदीत सोडावं तर ते पाणी बर्फासारखं. शिवाय नदीतून वाट सापडणार नाही कशावरून? जिथं उघडं आहे तिथं जाऊन झाकायचं, एवढंच त्या बिचारीला येतं. आणि घरात एक पोर आतून उघडी पडली आहे. एकीनं झाकायचं म्हणून दुसरीनं सोलून निघायचं, आणि दोघी आपल्याच.

तिनं काच उचलली. काच गरम होती. ऊन लागून गरम होते तशी नव्हे, ताप चढलेल्या कपाळासारखी.

"हिकडं ये," ती म्हणाली. "समूला सोड. तिला अजून लई जेवायचंय. तू माझ्याकडं ये."

तिनं नखानं वरची पातळ काच उकलली. ती सहज सुटली. मग रत्नानं तोंड उघडलं आणि ती पट्टी डाव्या गालाच्या आत ठेवली, जसं साळुबाई तंबाखू ठेवते तसं. जीभ मागं घेतली. डोळे मिटले. तिला वाटलं होतं, किळस येईल. पण आधी फक्त खारट लागलं, आसवासारखं. मग गालाला काहीतरी मऊ टेकलं. गाढ झोपलेलं मूल खांद्यावर मान टाकतं, तेव्हा एकदम जड होतं. तसं काहीतरी गालाला एकदम जड झालं.

आणि काच थंड पडली.

सर काडेपेटी घेऊन धापा टाकत आले, तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. टेबलावर एक स्वच्छ, कोरी काचपट्टी. ना निळा रंग, ना पापुद्रा. नेलपेंटची लाल रेघ तेवढी उरलेली.

"ताई, कुठं गेलं ते?... काय केलंत?"

रत्नानं तोंड मिटलेलंच ठेवलं आणि नुसती मान हलवली. सरांनी काडेपेटी खिशात टाकली.

पुण्याला जावं लागलं नाही. सकाळी गाडी दारात आली तेव्हा समृद्धी उठून बसली होती आणि आजीला सांगत होती, ताक नको, मला चहा-बटर पायजे. साळुबाईनं तिच्या तोंडात बोट घालून गाल ताणून पाहिलं. सगळीकडे नवं, गुलाबी अस्तर धरत होतं. भरतनं भरलेली बॅग उचलली, आत नेऊन रिकामी केली आणि त्या बॅगेवर डोकं ठेवून रडला. लेक गेल्यानंतर तो पहिल्यांदाच आवाज काढून रडला. रत्ना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता घर पुन्हा नांदतं आहे. समृद्धी बोलते तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जातं. संस्कृतीची सायकल तिला मिळाली. पितरांत घास निघतो, वर्षातून एकदा, साळुबाईच्या देखरेखीखाली. प्रयोगशाळेला शिपाई आला. सुनील सर अजून रत्नाला 'ताई' म्हणतात, फक्त बोलताना तिच्या तोंडाकडे पाहत नाहीत.

रत्ना जेवते ती डाव्या बाजूनं. गोड काही असलं तर आधी तिकडे नेते.

"येकाच गालानं का खातीस गं?" साळुबाईनं एकदा विचारलंच.

"सवय लागली, आत्याबाई."

साळुबाईनं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि तिच्या ताटात गुळाचा खडा टाकला.

त्या बाजूच्या वरच्या, खालच्या दाढा रत्नानं समृद्धीच्या वेळच्या बाळंतपणानंतर किडल्या म्हणून काढून टाकल्या होत्या. तिथं नुसत्या हिरड्या आहेत. तरी कधी कधी सकाळी उठल्यावर तिथं गाल हुळहुळतो. आरशात, खिडकीपाशी जाऊन, बोटानं गाल ताणून पाहिलं की आत दातांच्या खुणा असतात. ताज्या, बारीक, ओळीनं. मोठ्या माणसाच्या दातांच्या नाहीत.

रत्ना त्यावर तूप लावते. "सावकाश गं," म्हणते, "सावकाश चाव." कुणाला काही सांगत नाही. आईला लेकरं चावतातच.

इतके दिवस त्या खुणा गालातच असायच्या. आज सकाळी एक जिभेच्या कडेला होती.